भिंतीखालचं वऱ्हाड

अकोल्यात वाढलेल्या प्रत्येक पोराला एक भुयार माहीत असतं. आमचं भुयार असदगडातून निघायचं आणि थेट बाळापूरच्या किल्ल्यात जायचं. आबाजी मला लहानपणी मोर्णेकाठच्या त्या किल्ल्यावर न्यायचे. हवाखान्याकडे जाताना एक बुजलेला कोनाडा दाखवून सांगायचे, "बाबू, इथून भुयार निंघते. घोड्यावर बसलेला मानूस आरामात जाते त्याच्यातून." अमरावतीला इंजिनिअरिंग करायला गेलो तर तिथल्या मित्रांकडे त्यांची त्यांची भुयारं होती. अचलपूरच्या मित्राचं तर गाविलगडावर चढत जायचं.

थर्ड इयरला असताना मी दिवाळीत घरी आलो आणि आबाजींसमोर वही उघडून बसलो. अकोला ते बाळापूर साधारण २५ किलोमीटर. भुयार एक मीटर रुंद आणि दोन मीटर उंच धरलं, म्हणजे घोडेस्वार सोडाच, एक माणूस जेमतेम, तरी ५० हजार घनमीटर माती निघते. आजच्या हिशेबाने पाच हजार टिप्पर. ती माती टाकली कुठे? दोन्ही टोकांकडून रोज दोन-दोन मीटर खणलं तरी सतरा वर्षं लागतात. आत हवा कुठून येणार? आणि आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात खणलेलं छत किती पावसाळे टिकणार? बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधे, म्हणजे शेवटी नदीखालून जायचं.

आबाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गनित बराबर असन तुवं. पन सुरुंगाचं तुले काय मालूम?"

तेव्हा मला वाटलं, म्हातारा विषय बदलतोय. त्या प्रश्नाचं उत्तर मिळायला मला सात-आठ वर्षं लागली.

भुयार आणि सुरुंग हे शब्द मराठीत शेजारी शेजारी राहतात, पण त्यांची कामं वेगळी. भुयारातून माणूस बाहेर पडतो. सुरुंगातून माणूस, किंवा माणसाऐवजी दारू, आत जाते. संस्कृतात हा शब्द 'सुरुंगा' असा येतो आणि तो बहुधा ग्रीक 'सिरिंक्स'वरून आला, असं अभ्यासक मानतात. सिरिंक्स म्हणजे नळी, बासरी. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त सुरुंगा आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिच्यावरचा उपायही आहे. शत्रू खालून खणत येतोय अशी शंका असेल त्या जागी पाण्याने भरलेले घडे किंवा काशाची भांडी ठेवावीत, म्हणजे खणण्याचा पत्ता लागतो. खालचा हादरा पाण्यावर तरंगांत दिसतो, काशाच्या भांड्यात वाजतो. मार्ग कळला की आपण उलटा सुरुंग खणावा, शत्रूचा सुरुंग मधेच फोडावा आणि त्यात धूर किंवा पाणी सोडावं. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसनेही अपोलोनिया शहराची अशीच गोष्ट लिहून ठेवली आहे. तिथे काशाची भांडी टांगून खणणाऱ्यांचा माग काढला होता.

म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच लोकांना कळून चुकलं होतं की खणणं हा या लढाईचा सोपा भाग आहे. नेमकं कुठे खणलं जातंय, हे कळणं अवघड. आणि आपल्याला कळलंय हे समोरच्याला कळू न देणं त्याहून अवघड.

या लढाईने वऱ्हाडचं नशीब एकदा ठरवलं आहे. गंमत म्हणजे ती लढाई वऱ्हाडात झालीच नाही.

१५७४ पर्यंत वऱ्हाडात इमादशाही होती, राजधानी एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर. त्या वर्षी अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने ती गिळली आणि वऱ्हाड निजामशाहीचा एक सुभा झाला. वीसेक वर्षांनी निजामशाहीतच वारसाहक्काची भांडणं पेटली. एका गटाचा म्होरक्या मियाँ मंजू याने मदतीसाठी मुघलांना बोलावलं आणि मग त्याला पस्तावा झाला. पण बोलावलेला पाहुणा निघाला होता. १५९५ च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा शहजादा मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम, म्हणजे दोहे लिहिणारा रहीम, अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यासमोर येऊन बसले. आत चांदबीबी होती. निजामशाहीची लेक, विजापूरची सून. छोट्या बहादूरशहाच्या नावाने तिने किल्ला लढवायला घेतला.

अहमदनगरचा किल्ला भुईकोट आहे. डोंगर नाही, कडा नाही. सपाट जमिनीवर गोल तट. अशा किल्ल्याला वेढा घालणाऱ्याकडे तेव्हा तीन वाटा असायच्या: उपाशी मारणं, तोफांनी तट पाडणं किंवा तटाखाली जाणं. पहिलीला वेळ लागतो आणि मुघलांच्या छावणीतच धान्याची चणचण होती. दुसरी त्या काळच्या तोफांना जाड दगडी तटापुढे जड जायची. उरली तिसरी.

सुरुंगाची योजना कशी असते ते थोडं समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. आधी खंदक खणत, मातीच्या आडोशाने तटाच्या जवळ सरकायचं. गोळीच्या माऱ्यातून सुटका नसते, म्हणून हे काम करणारे बेलदार सगळ्यात आधी मरतात. मग जमिनीखाली शिरायचं. निघालेली माती वरून दिसणार नाही अशी पांगवायची, कारण तटावरच्या माणसाला ताज्या मातीचा ढीग दिसला की सगळं संपलं. तटाच्या पायाखाली पोचलं की एक खोली करायची आणि ती दारूने भरायची. आणि मग खोलीचं तोंड दगड-चुन्याने घट्ट बुजवायचं, फक्त वातीपुरती जागा ठेवून. हे बुजवणं सगळ्यात महत्त्वाचं. स्फोटाचा वायू सोपी वाट शोधतो. मागचं तोंड सैल राहिलं तर तो आलेल्या वाटेने परत फिरतो, तट जागच्या जागी राहतो आणि आपली माणसं जातात.

मुघलांनी असे पाच सुरुंग तटाखाली नेले, भरले आणि बुजवले, असं फरिश्ता सांगतो. हा इतिहासकार त्या काळी विजापूरच्या दरबारात होता, चांदबीबीच्याच सासरी, त्यामुळे त्याचा कल कुठे आहे ते उघड आहे. पण तपशील त्याच्याइतके कोणी दिलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुंग उडवायचे ठरलं होतं.

त्या रात्री मुघल छावणीतला ख्वाजा मुहम्मदखान शिराझी नावाचा माणूस अंधारात तटाजवळ गेला. आतल्या लोकांची हिंमत पाहून त्याला त्यांचं मरण बघवेना, असं फरिश्ता म्हणतो. सुरुंग कुठे कुठे आहेत ते त्याने आतल्यांना सांगितलं.

इथे थांबून विचार करा. कित्येक दिवस कितीतरी माणसांनी खणलेलं काम, आणि त्याची किंमत एका माणसाच्या चार वाक्यांनी शून्यावर आली. आमच्या क्षेत्रात म्हणतात की कितीही भक्कम सिस्टीम बांधा, पासवर्ड माहीत असलेला माणूस फुटला की खेळ खलास. चारशे वर्षांपूर्वीही तेच होतं.

चांदबीबी स्वतः उभी राहिली आणि आतून खणणं सुरू झालं. उजाडेपर्यंत दोन सुरुंग सापडले, त्यातली दारू काढून घेतली. तिसऱ्याचं, सगळ्यात मोठ्याचं, काम चालू होतं. तेवढ्यात मुरादने खानखानानला न सांगताच बत्ती देण्याचा हुकूम सोडला. दोघांचं पटत नव्हतं, आणि किल्ला पडल्याचं श्रेय रहीमला जावं असं शहजाद्याला वाटत नव्हतं. सुरुंग उडाला. आत दारू उपसणारे बरेच लोक तिथेच गेले. तटाला मोठं खिंडार पडलं.

आता मुघलांनी आत घुसायला हवं होतं. ते घुसले नाहीत. फरिश्ता लिहितो की ते बाकीचे सुरुंग उडायची वाट बघत उभे राहिले. तेवढ्या वेळात चांदबीबी चिलखत घालून, तोंडावर बुरखा, हातात उघडी तलवार अशी खिंडारात आली आणि आतल्यांनी आडोसे उभे केले. मग हल्ला झाला, संध्याकाळपर्यंत चालला आणि मोडला. रात्रीतून खिंडार पुन्हा बुजवण्यात आलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते थांबणं मला कळेना. भिंत पडलीये, समोर वाट आहे, आणि फौज उभी राहते? पुण्याहून घरी फोन केला तेव्हा सहज आबाजींना ही गोष्ट सांगितली. ते हसले.

आबाजींनी तरुणपणी पातूरकडे विहिरी खणल्या आहेत. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात खोल गाळ आहे. दक्षिणेला पातूरच्या बाजूला मात्र थोडी माती संपली की काळा पाषाण लागतो, आणि तिथे विहिरीला सुरुंग लावल्याशिवाय पाणी दिसत नाही. पहारीने छिद्रं पाडायची, दारू भरायची, वरून माती ठासायची, वात लावायची, ओरडत वर पळायचं आणि काठावर बसून मोजायचं.

"पाच भरले अन् पाच आवाज आले नाई, तं खाली कोन उतरते लेका?" आबाजी म्हणाले. "आमचा एक गडी उतरला व्हता."

एवढं बोलून ते गप्प झाले. त्या गड्याचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही.

मुरादच्या सैनिकांच्या मनात नेमकं काय होतं ते कुठे लिहिलेलं नाही. पण त्यांच्याकडे एक ताजी आठवण असणार, असा माझा अंदाज आहे. २८ वर्षांपूर्वी, डिसेंबर १५६७ मध्ये, अकबराने चितोडच्या तटाखाली शेजारी शेजारी दोन सुरुंग भरले होते. दोन्ही एकदम उडायचे होते. एक उडाला, तट फुटला, माणसं धावत आत शिरली आणि मग दुसरा उडाला. मुघलांचीच सुमारे दोनशे माणसं गेली. सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही रेस कंडिशन म्हणतो: दोन गोष्टी एका क्रमाने होतील असं गृहीत धरलेलं असतं आणि त्या दुसऱ्याच क्रमाने होतात. पुढे १७०० मध्ये साताऱ्याला औरंगजेबाच्या फौजेचंही तेच झालं. अजिंक्यताऱ्याखाली दोन सुरुंग होते. पहिल्याने आतले मराठे दगडाखाली गेले, किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. दुसऱ्या स्फोटात कडा बाहेरच्या बाजूला कोसळला आणि हल्ल्यासाठी खाली जमलेले सुमारे दोन हजार मुघल त्याखाली गाडले गेले.

हे लक्षात घेतलं तर अहमदनगरच्या खिंडारासमोर थांबलेले सैनिक भित्रे किंवा बावळट वाटत नाहीत. पाच भरलेत एवढं त्यांना माहीत होतं. दोन रिकामे झालेत हे माहीत नव्हतं. काठावर बसून मोजणाऱ्या कुठल्याही शहाण्या माणसाने जे केलं असतं तेच त्यांनी केलं. चांदबीबीच्या माणसांनी रात्री सुरुंगातून दारू काढली, पण शत्रूच्या डोक्यातला आकडा पाचच राहू दिला. तो आकडा तिला कामाला आला.

आणि यात वऱ्हाड कुठे आलं? तहात आलं.

किल्ला पडत नव्हता, पण आतलेही थकले होते. विजापूरकडून सुहेलखानाची फौज मदतीला निघाल्याच्या बातम्या होत्या. दोन्ही बाजूंना सुटका हवी होती. १५९६ च्या सुरुवातीलाच तह झाला: मुघलांनी वेढा उठवायचा, बहादूरशहाची निजामशाही मान्य करायची, आणि त्या बदल्यात चांदबीबीने वऱ्हाड मुघलांना द्यायचं.

शाळेत आम्ही चांदबीबीचा धडा शिकलो. चिलखत, तलवार, खिंडार, सगळं पाठ होतं. वऱ्हाड दिल्याचं वाक्य त्यात होतं की नाही ते मला आठवत नाही. असेलही. अकोल्यातल्या वर्गात बसून आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही की ते आपल्याबद्दल आहे. मी चांदबीबीला दोष देत नाही. समोर फौज असताना हातात जे होतं ते तिने दिलं. पण अहमदनगरची ती भिंत वाचली त्याची किंमत तिथून तीनेकशे किलोमीटरवरच्या गावांनी भरली, ज्यांना सुरुंगाचा आवाजही आला नव्हता.

मुराद वऱ्हाडात आला. बाळापूरजवळ त्याने शहापूर नावाचं ठाणं वसवलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत नरनाळा आणि गाविलगडही मुघलांकडे गेले. १५९९ मध्ये मुराद दख्खनमध्येच वारला. आणि १६०० मध्ये मुघल पुन्हा अहमदनगरला आले. या वेळी शत्रूशी बोलणी करते म्हणून आतल्याच लोकांनी चांदबीबीला मारलं. नंतर पुन्हा तटाखाली सुरुंग उडाले आणि या वेळी किल्ला पडला. वऱ्हाड देऊन जे वाचवलं होतं ते चार वर्षं टिकलं.

१८०३ मध्ये हे दोन प्रदेश पुन्हा एका गोष्टीत येतात. आर्थर वेलस्लीने ऑगस्टमध्ये शिंद्यांकडून अहमदनगरचा तोच किल्ला चार-पाच दिवसांत घेतला. नोव्हेंबरच्या शेवटी अकोटजवळ अडगावची लढाई जिंकली आणि १५ डिसेंबरला भोसल्यांचा गाविलगड. सुरुंग दोन्हीकडे लागला नाही. तोफा सुधारल्या होत्या, दोन-तीन दिवसांच्या माऱ्यात तट फुटायचा. आणि गाविलगड ज्यावर उभा आहे त्या अखंड पाषाणाखाली शिरायला आबाजींच्या टोळीलाही वर्षं लागली असती. त्याऐवजी इंग्रजांनी तोफा मेळघाटाच्या डोंगरातून ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला, तो निजामाकडे. पुन्हा तह, पुन्हा वऱ्हाड. १८५३ मध्ये निजामाने ते इंग्रजांच्या ताब्यात दिलं तेव्हा तर लढाईही झाली नव्हती, नुसती थकलेल्या पैशांची गोष्ट होती.

शहरांखालची लढाई तोफांनी संपवली असं तेव्हा वाटलं असेल. ती संपली नाही. पहिल्या महायुद्धात, ७ जून १९१७ च्या पहाटे, इंग्रजांनी बेल्जियममध्ये मेसीनच्या टेकडीखाली १९ सुरुंग उडवले. आज मोसुल, गाझा अशा शहरांच्या लढायांनंतर जगभरच्या सैन्यांना जमिनीखालचं शहर हा स्वतंत्र विषय म्हणून अभ्यासावा लागतोय: गटारं, मेट्रो, तळघरं, खणलेली भुयारं. खाली जीपीएस चालत नाही, रेडिओ चालत नाही, ड्रोन चाचपडतो. आपल्याकडे २०२० मध्ये जम्मूच्या सांबा भागात सीमेखालून आलेलं भुयार बीएसएफला सापडलं. ते खणून होईपर्यंत कळलं नव्हतं.

जमिनीत बघणारं रडार असतं, पण चिकणमातीत आणि खाऱ्या पाण्यात त्याच्या लहरी विरून जातात. आमच्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात दोन्ही आहेत: वर काळी चिकण माती, खाली खारं पाणी. म्हणजे उद्या कोणी खरंच अकोट-दर्यापूरच्या बाजूला भुयार खणलं तर महागडं यंत्र जवळजवळ आंधळं होईल आणि कंपन ऐकणारा संवेदक जमिनीत पुरावा लागेल. तो कौटिल्याच्या घड्याचाच नातू.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा हे सगळं आबाजींना सविस्तर सांगितलं. शिराझी, मुराद, रहीम, चांदबीबी. त्यांनी शेवटी एकच विचारलं, "अन् ते तिसऱ्या सुरुंगात दारू उपसत व्हते, त्याईचे नावं?"

फरिश्ताने फितुराचं नाव लिहिलंय, शहजाद्याचं लिहिलंय. त्यांची नाहीत, मी म्हणालो.

आबाजी जरा वेळ बसून राहिले. मग मी विचारलं, तुमच्या त्या गड्याचं नाव काय होतं? त्यांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, विहीर कोणाच्या वावरात होती ते सांगितलं. तीन भरले होते, दोन आवाज आले होते, आणि मालकाला घाई होती.

असदगडाच्या भुयाराचा विषय त्यानंतर आमच्यात निघाला नाही. पण दुसऱ्या दिवशी मी एकटाच किल्ल्यावर गेलो. कोनाडा अजून बुजलेलाच आहे. आत फार तर हातभर जागा असेल. तरी मी वाकून कान लावून पाहिला.